दुसऱ्या माणसाची ओळ

मंगल,

काल ऑफिसात तुझ्या नावापुढे 'बंद' असा शेरा मारायचा होता. आमच्या कंपनीत कुणाला पैसे द्यायचे असतील तर आधी त्याची पुरवठादार म्हणून नोंद करावी लागते, आणि पुढे व्यवहार होणार नसेल तर ती नोंद बंद करावी लागते. बंद करताना कारण विचारतात. कारणं तयारच असतात, आपण एकावर बोट ठेवायचं. धंदा बंद केला, दर परवडत नाही, काळ्या यादीत टाकलं, इतर. माणूस गेलं, असं कारण त्यात नाही. बारा वर्षं मी खरेदी खात्यात आहे आणि हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. 'इतर'वर बोट ठेवलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. बाहेर आल्यावर शेजारच्या टेबलावरची पोरगी म्हणाली, "मॅडम, सर्दी झालीय का?" मी हो म्हटलं.

तुला जाऊन तेवीस दिवस झाले. लोक तुझ्याबद्दल खूप चांगलं बोलतायत. ज्यांनी तुला कधी पाहिलं नाही, ज्यांना शिनोली नकाशावर दाखवता येणार नाही, तेही बोलतायत. त्यांचं त्यांना बोलू दे. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती मी सात महिने लपवून ठेवली. पण मी पडले खरेदीवाली बाई. मुद्द्यावर यायच्या आधी चार इकडच्या-तिकडच्या गोष्टी बोलायची मला खोडच आहे, आणि ती तुला माहीत होती. तेवढं आता सोसून घे.

आपली ओळख मेंढरांमुळे. तुला हे सांगायची गरज नाही, पण हे आमच्या ऑफिसातली पोरंही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी सांगते. पिंपरी पेंढारला आमच्या वावरातली बाजरी निघाली की तुझ्या नानांचा कळप यायचा. मोकळ्या रानात मेंढरं पाच-सहा मुक्काम बसली की लेंड्या-मूत जमिनीत मुरतं आणि पुढचं पीक जोमानं येतं. म्हणून शेतकरी आपणहून मेंढपाळाला बोलावतो आणि त्याबद्दल धान्य देतो. आमचे आण्णा आणि तुझे नाना बांधावर बसून सगळं ठरवायचे. मुक्काम किती, बाजरी किती, चहा-साखर कुणाची, कुत्र्यांच्या भाकरी कुणी द्यायच्या. हे सगळं मेंढरं वावरात शिरायच्या आधी. आपण दोघी चिंचेखाली बसून ऐकायचो. तू माझ्या रिबिनीकडे बघायचीस आणि मी तुझ्या मांडीवरच्या कोकराकडे.

एका साली आण्णांनी मेंढरं मोजली. गेल्या सालापेक्षा कमी भरली, तर त्यांनी ठरल्यापेक्षा बाजरी कमी घातली.  नानांनी पोतं घोड्यावर टाकलं आणि ते निघून गेले. पुढच्या साली कळप आमच्या बांधावरून सरळ पुढे गेला आणि शेजारच्या वावरात बसला. त्या शेजाऱ्याचा कांदा असा आला की आण्णांनी त्या बाजूला जायचंच सोडलं. तिसऱ्या साली ते स्वतः जाऊन नानांना बोलावून घेऊन आले, पण ठरवताना त्यांच्या आवाजात पहिला ताठा नव्हता. "तू आण्णांचीच लेक," हे तू मला पुढे किती वेळा ऐकवलंस. दर वेळी मी चिडले, कारण ते खरं होतं.

जुन्नरला कॉलेजात आपण एका खोलीत राहिलो. मी कॉमर्सला, तू सायन्सला. तुला इंग्रजी येत नाही म्हणून पोरी हसायच्या, आणि तू लॅबमधल्या कॉम्प्युटरला असं काही कामाला लावायचीस की सर दारात उभे राहून बघायचे. मला तेव्हा तुझा अभिमान वाटायचा. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे काय वाटायला लागलं तेही मला लिहायचं आहे.

लग्न होऊन तू शिनोलीला गेलीस. दाजींची मेंढरं थोडी, शेती थोडी. तू घोडेगावात तहसील कचेरीसमोर एक गाळा घेतलास, त्यात एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि लॅमिनेशनचं मशीन. डोंगरातल्या गावांतून एसटीनं माणसं यायची, पीक विम्याचे, कर्जाचे, दाखल्यांचे अर्ज भरून घ्यायला. सातबाऱ्यावर हेक्टर-आर, माणसाच्या तोंडात एकर-गुंठे, अर्जात तिसरंच काहीतरी. एक शून्य इकडचं तिकडे झालं की अर्ज परत, आणि म्हातारं माणूस पुन्हा एसटीनं घोडेगावात. तू वैतागलीस आणि स्वतःपुरता एक छोटा प्रोग्राम लिहिलास. कुठलंही माप टाका, पाहिजे त्या मापात बरोबर उत्तर. त्याचं नाव 'मोजणी'. मग तो इंटरनेटवर उघडा ठेवलास. कुणीही घ्यावा, कुणीही आतून बघावा, चूक दिसली तर सांगावी. पैसे नाहीत.

मी तेव्हाच म्हटलं होतं, "अगं, कुलूप लाव त्याला. फुकटच्या गोष्टीला किंमत नसते."

"कुलूप लावल्यावर आसामचा मास्तर मला त्याचा बिघा कसा सांगंल?" तू म्हणालीस.

हा मास्तर मला तेव्हा पहिल्यांदा कळला. तिकडे एका शाळेत शिकवणारे बरुआ मास्तर. आपल्याकडे चाळीस गुंठ्यांचा एकर हे शाळेतल्या पोराला पाठ असतं, पण बिघा म्हणजे नेमका किती हे ज्या त्या मुलखावर. मास्तरांनी तुला कळवलं की तुमच्या यादीतला बिघा आमच्याकडचा नाही. तू दुरुस्ती केलीस. मग त्यांनी आणखी मापं धाडली, मग प्रोग्रामही लिहायला शिकले, आणि पुढे उत्तरेकडच्या चार राज्यांची मापं तेच सांभाळू लागले. तुम्ही दोघं एकमेकांना कधी भेटला नाहीत. तू त्यांना मोडक्या हिंदीत लिहायचीस, ते तुला. आपला हा वाद मात्र कधी मिटला नाही. मी अजूनही म्हणते की जगाला फुकट वाटायचं असेल तर आधी आपलं पोट बघावं. तू म्हणायचीस, "मीबी लोकांचं फुकट वाचूनच शिकले ना? शेतकऱ्याला, शिकणाऱ्याला फुकटच ऱ्हाऊ दे. कंपन्यांचं येगळं. त्यांनी बांधावर येऊन बसावं."

आणि कंपनी आलीच. ती माझी निघाली.

आमच्याकडे शेतकऱ्यांच्या कर्जाचं आणि विम्याचं सॉफ्टवेअर बनतं. गेल्या वर्षी तपासणीसाठी बाहेरून घेतलेल्या सगळ्या गोष्टींची यादी झाली आणि ती माझ्याकडे आली. त्यात एक ओळ होती. नाव मोजणी, किंमत शून्य, सांभाळणारी माणसं एक, ठिकाण शिनोली. मी ती ओळ तीनदा वाचली. बैठकीत आमचा एक इंजिनियर म्हणाला, "या मंगलताई उद्या थांबल्या ना, तर आपली निम्मी कामं थांबतील. दर महिन्याला कुठलं तरी राज्य काहीतरी बदलतं, आणि त्या दोन दिवसांत दुरुस्त करून टाकतात." त्या पोराला माझं नाव धड माहीत नाही. तुझं नाव तो देवाचं घ्यावं तसं घेत होता. मी त्याला सांगितलं नाही की ही माझी मैत्रीण आहे. तेव्हा का नाही सांगितलं, हे पुढे येतंच.

घरी जाऊन तुला फोन केला. तू एवढंच म्हणालीस, "मग आता काय, पाटलीणबाई? बाजरी किती घालनार?"

साहेबांकडे मी विषय काढला, आणि साहेब खूश झाले. ग्रामीण भागातली महिला, ओपन सोर्स, वा वा. त्यांनी लगेच ठरवलं की सत्कार करायचा. मंगल, त्या सत्काराची कल्पना मी उचलून धरली. आपल्या लोकांना ही एक सवयच आहे. एखाद्याच्या कामाशिवाय आपलं चालत नाही हे कळलं की आपण त्याला शाल देतो. घोडेगावात हॉल घेतला, मागे भला मोठा फलक लावला, पुण्याहून दोन गाड्या भरून माणसं आणली. तुला त्या दिवशी गाळा बंद ठेवावा लागला. अर्जांची शेवटची तारीख जवळ होती, आणि हॉलच्या दारात चार बायका कागदांच्या पिशव्या घेऊन तुझी वाट बघत उभ्या होत्या. तुझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, काचेचं सन्मानचिन्ह दिलं. साहेबांनी भाषण केलं. तुला बोलायला लावलं तर तू म्हणालीस, "शाल लई चांगली हाय. आमच्या घरात मेंढरं हायेत, तरी अशी शाल न्हाई. हात लावून बघितलं, नायलॉनची हाय." लोक हसले, टाळ्या वाजल्या. साहेबही हसले. मी खाली बघत बसले.

नंतर गाळ्यात चहा पिताना तू मला धरलंस. "तुझ्या बापानं माझ्या नानाला कदी शाल दिली व्हती का? न्हाई ना? बसून ठरवलं व्हतं. ठरवल्यालं दिलं की माणूस मान खाली न घालता पुढच्या साली येतो. शाल घेतल्याली माणसं परत काय मागनार गं? त्यांचं तोंडच बंद."

मी म्हटलं, मग बिल दे, काम दाखव, तासांचा हिशोब लिही, मी पास करून घेते.

"कसला तास? मेंढरानं किती येळा लेंडी टाकली ते मोजतीस का? तू बी ना, सुजे." तुझं हसू थांबेना. मग एकदम गंभीर झालीस आणि म्हणालीस की चूक दुरुस्त केली याचे पैसे नकोतच. चूक होऊ नये म्हणून जे रोज बघत बसावं लागतं, त्याचे हवेत, आणि ते कुणाला दिसत नाही. ते वर्षाचं आधी ठरवावं लागतं.

त्यानंतर मी खरंच कामाला लागले, एवढं श्रेय मला दे. पण आमच्या खात्याचा नियम, कुठलीही खरेदी असो, तीन कोटेशन लागतात. मी तुला तसं कळवलं. तुझं उत्तर मी जपून ठेवलंय. "बाकीची दोन कुणाची आनू? घरात सासू हाय आन् एक म्हस हाय. म्हशीचा दर कमी पडंल." तिथे मी नियमाला बगल देणारा कागद केला, ही वस्तू दुसऱ्या कुणाकडे मिळत नाही म्हणून. असा कागद मी प्रिंटरच्या शाईसाठी केलेला आहे, एसीच्या सुट्या भागांसाठी केलेला आहे. माणसासाठी पहिल्यांदा केला.

मग तू तुझं म्हणणं लिहून पाठवलंस. एकच पान, हातानं लिहिलेलं, फोटो काढून. वर्षाचं ठरवा आणि पैसे आधी द्या. काम सांगू नका, काय लागतं ते मला कळतं. तुमच्या पोरांना चूक सापडली तर नुसती बोंब मारू नका, दुरुस्ती करून धाडा, त्यासाठी त्यांना तुमच्या वेळातला वेळ द्या. 'मोजणी' सगळ्यांना उघडी राहील, तुमच्या मालकीची होणार नाही. आणि शेवटची ओळ अशी होती: "माणसं दोन धरा. मी आणि बरुआ मास्तर. एका माणसावर एवढं ठेवू नये, उद्या मला काही झालं तर दुसऱ्याला सगळं माहीत पाहिजे."

ही ती ओळ, मंगल.

चार दिवसांनी मी तुला फोन केला. तू गाळ्यात होतीस, मागे प्रिंटरचा आवाज येत होता. मी सांगितलं, बाकी सगळं मान्य होईल, पण दुसऱ्या माणसाला साहेब नाही म्हणतायत. तू प्रिंटर बंद केलास. मग म्हणालीस, "मास्तर माझ्यापरीस कमी कामाचा हाय असं वाटतं व्हय त्यांना?" मी म्हटलं, तसं नाही गं, कंपन्यांचं असंच असतं. मग तू साहेबांना दोन शिव्या घातल्यास, अगदी अस्सल, आणि मी हसले. तू म्हणालीस, "जाऊ दे. माझ्यातलं निम्मं मी मास्तरला देईन. तेवढं तरी तुझ्या सायबाला चालंल ना?"

कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरले आणि सहा महिन्यांनी एका माणसाचा करार झाला. पहिल्या तारखेपासून सुरू व्हायचा होता. तू ठरवलंस की पैसे आले की गाळा दुपारी बंद करायचा आणि दुपारभर मास्तरांना शिकवायचं. ज्या गोष्टी फक्त तुझ्या डोक्यात होत्या, त्या सगळ्या लिहून काढायच्या. पहिल्या तारखेच्या आधी नऊ दिवस, भर सकाळी, एका म्हातारीचा अर्ज भरता भरता तू "डोकं लई दुखतंय" म्हणून टेबलावर मान टेकलीस. घोडेगावातून मंचरला नेलं, मंचरहून पुण्याला निघाले, पण वाटेतच सगळं संपलं. डोक्यातली शीर फुटली होती. पैसे मिळाले असते तर तू वाचली असतीस, असं मी म्हणत नाही. तसं असतं तर मला हे लिहिताच आलं नसतं. तू गेलीस त्याला कुणाचा इलाज नव्हता. तू काय समजून गेलीस, त्याला मात्र होता.

दहाव्याला मी शिनोलीला आले होते. पाऊस उघडला होता, ओढ्याकाठी चिखल होता, माणसं खूप. अर्ज भरून घेतलेल्या बायका डोंगरातून आल्या होत्या, आणि त्यांतल्या एकीनं मला विचारलं की आता घोडेगावात कुणाकडं जायचं.  दाजींचं डोकं भादरलेलं, चेहरा असा की ओळख पटेना. त्यांनी मला बाजूला नेलं. मला वाटलं, कळलं यांना. तर ते हात जोडून म्हणाले, "ताई, तुमच्यामुळं तिला पगार सुरू व्हनार व्हता. लई खूश व्हती ती. म्हनायची, माझी सुजी पाठीशी हाय म्हणून झालं. तुमचे उपकार हायेत." तुझ्या सासूबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. मी काय करायला हवं होतं ते मला तेव्हाही माहीत होतं. मी म्हटलं, "उपकार कसले दाजी," आणि चहाचा कप घेतला.

परवा बरुआ मास्तरांचा फोन आला. तुझं उत्तर बरेच दिवस आलं नाही म्हणून त्यांनी शोध घेतला, मग गाळ्याच्या नंबरावरून दाजींशी बोलले, त्यांनी माझा नंबर दिला. हिंदीत सावकाश बोलत होते. म्हणाले, मंगलजी गेल्या हे कळल्यावर वर्गात शिकवता आलं नाही, मुलांना मैदानावर सोडलं. मग म्हणाले, सगळं मला माहीत नाही, निम्मंच माहीत आहे, पण त्यांचं काम बंद पडू देणार नाही. मी पैशांचं विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं, "मंगलजी म्हणाल्या होत्या, माझ्यासाठी कंपनीनं नाही म्हटलंय. काही हरकत नाही. मी तसाच करत राहीन." त्यांच्या आवाजात जरासुद्धा तक्रार नव्हती. कंपनीला आपण नको आहोत, असं समजूनही तो माणूस रात्री-सुट्टीला बसून कंपनीचं काम करायला तयार होता.

फोन ठेवला आणि मी तुझं हातानं लिहिलेलं ते पान छापून घेतलं. जसंच्या तसं, शेवटच्या ओळीसकट. वर मास्तरांच्या नावाचा कागद जोडला, मागे लिहिलं की आता त्यांनाही एक जोडीदार शिकवून तयार करायचा आहे, म्हणून माणसं दोनच धरावीत, वर्षाचे पैसे आधी. साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि उभी राहिले. साहेबांनी चष्मा लावला, सगळं वाचलं. वाचता वाचता एकदा खिडकीतून बाहेर बघितलं. मग सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवत विचारलं, "सुजाताबाई, एवढं साधं मागणं होतं. त्या असतानाच का नाही आणलंत माझ्याकडे?"

मंगल, मी त्यांना विचारलंच नव्हतं.

साहेब नाही म्हणाले, हे मी तुला खोटं सांगितलं. तुझ्या पानातली शेवटची ओळ मी माझ्या टेबलावर बसून खोडली होती, भर दुपारी, डबा खाऊन झाल्यावर, दोन मिनिटांत. का, ते मी तेवीस दिवस स्वतःला विचारतेय. पहिलं कारण सवय. समोरचा दोन म्हणाला की एकावर आणायचं, याच कामाचा मी बारा वर्षं पगार घेतला, आणि त्यात मला कधी वाईट वाटलं नाही. दुसरं, लोक म्हणतील गावाकडच्या मैत्रिणीला पैसे वाटते, ही भीती. म्हणूनच बैठकीत तुझी ओळख सांगितली नव्हती. या दोन कारणांवर माझं भागलं असतं तर बरं झालं असतं. पण आणखी एक आहे. त्या पोरानं तुझं नाव ज्या आदरानं घेतलं ते मला टोचलं होतं. मेंढरांमागून आमच्या वावरात आलेली तू, आणि आता पुण्यातले इंजिनियर तुझ्या शब्दावर अडलेले. माझ्या हातात फक्त एवढंच उरलं होतं की तू मागायचंस आणि मी द्यायचं, किंवा नाही द्यायचं. तो मत्सर होता. दुसरा सभ्य शब्द मी शोधून पाहिला, सापडला नाही.

आणि तू तर माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितलंच नव्हतं. दुसऱ्यासाठी मागितलं होतंस. शेवटपर्यंत तुला वाटत राहिलं की वर कुणीतरी मोठा माणूस बसलाय, त्यानं तुझं पान वाचलं आणि तुझ्या मास्तरांना नको म्हटलं. तुझ्या कामाला तेवढी किंमत नाही, असं कुणी ठरवलंच नव्हतं. तुझं पान वरपर्यंत पोचलंच नव्हतं गं.

या रविवारी शिनोलीला येतेय. दाजींना हे सगळं सांगणार आहे, सासूबाईंच्या समोर. ऐकून ते काय म्हणतील ते म्हणोत. उठून जा म्हणाले तर उठेन. मास्तरांनाही फोन करून सांगणार आहे की कंपनीनं तुम्हाला कधीच नाही म्हटलं नव्हतं, मी म्हटलं होतं. ते भले गृहस्थ आहेत, काही हरकत नाही म्हणतील. पण ती गोष्ट माफ करणं त्यांच्या हातात नाही, आणि दाजींच्याही नाही. मला माफी नको, असं खोटं बोलायला मी आज बसलेली नाही. मला ती हवी आहे, मंगल, लई हवी आहे. ती देणारी तू एकटीच होतीस, आणि तिथे दुसरं माणूस नाही.